गोलकीपरची पाठ

दयानंदला बर्फावर चालता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना तुमचा गैरसमज व्हायचा. तो मस्कतमधल्या एका आइस हॉकी संघाचा गोलकीपर आहे, पण स्केटिंग त्याला येत नाही. मॅचच्या आधी दोघं जण त्याला दोन्ही बगलांत धरून गोलापर्यंत नेतात, लाजऱ्या नवरदेवाला बोहल्यावर नेतात तसं, आणि मॅच संपली की परत घेऊन येतात. मधला सगळा वेळ तो उभा असतो.

हे मी जवळून पाहिलंय, कारण संघाच्या बॅगा माझ्या पिकअपमधून जातात. माझा धंदा फळांचा, त्या वेळी मवालेहच्या मार्केटात गाळा होता. राहायला दार्सैतला, दयानंदच्या बरोबर खालच्या मजल्यावर. गाव रत्नागिरीकडचं, नाव जैनुद्दीन. आइस हॉकीशी माझा संबंध एवढाच की एका शुक्रवारी दयानंदची बॅग टॅक्सीत मावेना, टॅक्सीवाला चिडला, म्हणून मी म्हटलं टाक माझ्या गाडीत. तेव्हापासून तेरा माणसांच्या बॅगा माझ्या गळ्यात पडल्या. त्या बॅगांना जो वास येतो त्यापुढे सडका फणस अत्तर वाटेल. बाहेर ऊन डांबर वितळवतंय आणि आत मॉलमध्ये मी मफलर गुंडाळून बसलोय, हे बघून माझी बायको रहिमा म्हणायची, "काय करतंस तिथे बसून? उन्हात कमवतंस नि बर्फात घालवतंस."

संघाचं नाव किंगफिश. म्हणजे आपली सुरमई. सुरमई बर्फावर मांडायची कल्पना मला लगेच पटली. फक्त आमच्याकडे ती हलत नसते.

दयानंद या भानगडीत पडला तो एका टेस्टरमुळे. तो एका बांधकाम कंपनीत इलेक्ट्रिकल इंजिनिअर. साइटवर एकदा शिडीवरच्या माणसाच्या हातून टेस्टर सुटला, आणि खाली फोनवर बोलत उभ्या असलेल्या दयानंदने वर न बघता तो डाव्या हाताने झेलून खिशात टाकला. त्यात नवल काही नाही, शुक्रवारच्या क्रिकेटमध्ये तो आमचा विकेटकीपर. पण समोर क्लायंटचा एक कॅनडावाला साहेब उभा होता. हाच किंगफिशचा कोच.

"आइस हॉकी खेळतोस?" कोचने विचारलं.

"सर, मी बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिलाय."

"तुला कुठे जायचं नाही. फक्त उभं राहायचं."

संध्याकाळी दयानंद माझ्याकडे येऊन बसला. "जैनुभाई, लहानपणापासून सगळे मला सांगत आले, शिक, पुढे जा, अजून पुढे जा. आयुष्यात पहिला माणूस भेटला जो म्हणाला, नुसता उभा राहा." एवढ्यावरच गडी भाळला. चाळीशी ओलांडलेला, डोक्यावर केस बेताचे, गुडघ्याला पट्टा. पण गोलात उभा राहिला की दिसेल ते पकडायचा, आणि पक, म्हणजे त्यांची ती रबरी चकती, हातात आला की सवयीने रेफरीकडे वळून अपील करायचा. रेफरी दर वेळी समजावून सांगायचा की या खेळात कोणी आउट होत नाही.

आता आडनावाचं सांगतो, कारण सगळं रामायण त्यावरून झालं.

दयानंदचं आडनाव गजभिये. गाव भंडाऱ्याकडचं पवनी, घराणं बौद्ध. मला हे त्याने पहिल्याच भेटीत जिन्यात सांगितलं होतं. मला सांगायला त्याला भीती वाटली नाही. जैनुद्दीन नावाच्या माणसाला कोण घाबरणार? मला तर आडनाव कोणी विचारतच नाही, माझं सगळं पहिल्या नावातच उरकतं.

तसं त्याने ते कधी लपवलं असं नाही. गल्फमध्ये अर्बाबपासून, म्हणजे मालकापासून, टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे पहिल्याच नावाने हाक मारतात. मिस्टर दयानंद, दयानंद भाई, खलास. आडनाव आपोआप गळून पडलं. ते गळलेलंच राहू दे, असं ठरवलं ते त्याच्या बायकोने, गिरिजाने. त्याला कारण होतं. आधी ते रुवीत राहायचे, तेव्हा शेजारी एक मराठी काकू होत्या. दोन घरांत वाट्या, डबे यांची ये-जा होती. एकदा काकूंनी आडनाव विचारलं, गिरिजाने सरळ सांगितलं. त्यानंतरही काकूंकडून पदार्थ येत राहिले, पण आइसक्रीमच्या प्लॅस्टिकच्या डब्यातून. वर एक वाक्य असायचं: "परत नाही केलात तरी चालेल हं."

ज्याला मराठी येतं त्याला या वाक्याचा अर्थ सांगायला नको. परत करायचा नसलेला डबा म्हणजे पुन्हा तुमच्या घरातलं काही आमच्या घरात यायला नको. गिरिजा मला हे सांगताना रडली नव्हती, पण रागाने तिचा आवाज बारीक झाला होता. दार्सैतला आल्यावर दारावरची पाटी फक्त 'दयानंद – गिरिजा' अशी लागली. मुलगी मैत्री नववीत होती, इंग्लिशमध्ये वाढलेली पोर. ती एकदा म्हणाली, "आई, अवर सरनेम, ते सिक्रेट आहे का?" गिरिजा म्हणाली, "सिक्रेट नाही. कोणाला सांगायची गरज नाही, एवढंच." मैत्री म्हणाली, "दॅट्स व्हॉट सिक्रेट मीन्स."

दार्सैतला पलीकडच्या इमारतीत अंतरा आणि राकेश राहतात. राकेश मराठी मंडळाचा सेक्रेटरी. त्याचं आडनाव मी सांगत नाही. तो स्वतः भेटला असता तर पहिल्या वाक्यात त्यानेच सांगितलं असतं. अंतराशी मात्र गिरिजाचं छान जमलं. गिरिजाच्या लग्नातला स्टीलचा एक डबा सहा वर्षं या घरातून त्या घरात फिरत होता. जाताना अनारसे, येताना नारळाच्या वड्या. जाताना पुरणपोळ्या, येताना चकल्या. तो डबा परत आला की गिरिजा त्या दिवशी गुणगुणायची, वरून मला ऐकू यायचं. तिला दुसरं काही नको होतं, तो डबा परत येत राहायला हवा होता.

राकेशला डब्यात रस नव्हता, आडनावात होता. सहा वर्षं तो या माणसाच्या मागे लागला होता. "मूळचे कुठले?" "भंडारा." "नाही, पण मूळचे?" "पवनी." "ते झालं हो, पण मूळ मूळ?" कुलदैवत विचारून झालं. लग्नपत्रिकेवर पूर्ण नाव टाकायचंय म्हणून विचारून झालं, लग्न कोणाचं ते नीट सांगता आलं नाही. शेवटी त्याने पुरावे गोळा केले. दयानंद शाकाहारी, बोलणं स्वच्छ, पहाटे डोळे मिटून ध्यानाला बसतो. "देशस्थ," राकेशने मला मार्केटात कलिंगड ठोकून बघता बघता सांगितलं. "शंभर टक्के. देशपांडे असणार. पण किती साधा माणूस बघा, मिरवत नाही." मी म्हटलं कलिंगड घ्यायचंय की नाही?

असं सगळं सुरळीत चाललं असताना किंगफिशला दुबईच्या संघाबरोबर मोठी मॅच मिळाली, आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींकडून दोन हुकूम आले. एक, प्रत्येक खेळाडूच्या जर्सीवर पाठीमागे आडनाव हवं. दोन, मॅचच्या आधी प्रत्येक क्लबने 'आइस हॉकीतला वंशभेद आणि विविधता' या विषयावर मोकळी चर्चा घ्यावी.

कोचला आनंद झाला. त्याने आम्हाला लॉकर रूममध्ये उभं करून डोळ्यांनी मोजलं. कॅनडावाले, फिनलंडवाले, एक रशियन, एक लेबनीज, ओमानी कॅप्टन हारून. मग त्याची नजर दयानंदवर थांबली, आणि तो भरल्या आवाजात म्हणाला, "दयानंद, तू आमची विविधता आहेस." त्याआधी आम्हाला तो गोलकीपर वाटत होता.

चर्चा रिंकच्या शेजारच्या हॉलमध्ये झाली. खुर्च्या गोल मांडल्या होत्या. कोचने 'भारतीय समाजाला' आमंत्रण दिलं होतं, म्हणजे राकेशला. तो बटाटेवडे आणि तीसेक मंडळी घेऊन आला. वडे उत्तम होते. चर्चेचं मी काय सांगू?

कोच म्हणाला, या खेळात गोऱ्यांचाच भरणा आहे, रंगाने वेगळ्या माणसाला प्रेक्षकांतून काय काय ऐकावं लागतं, आपण त्यावर बोलत नाही, आज बोलू या. माणूस मनापासून बोलत होता, ते मी मान्य करतो. मग प्रत्येकाने आपल्याला कधी परकं वाटलं ते सांगायचं होतं. फिनलंडवाला म्हणाला की आत्ता वाटतंय. रशियन म्हणाला त्याला कधीच वाटलं नाही, पण त्याच्यामुळे इतरांना वाटलं असेल. मग कोचने माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, मी बॅगावाला. तो म्हणाला, तरीही. आता थंडीने माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, "साहेब, सगळा बर्फ पांढरा. त्यावर काळी वस्तू एकच, ती पक. आणि बारा माणसं काठ्या घेऊन तिच्यामागे. मी काय बोलणार?"

मी थट्टा केली होती. कोचने ते फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या.

हारून मात्र खरं बोलला. त्याची आजी झांझिबारची. तो म्हणाला, "बर्फावर मला कोणी कबिला विचारत नाही. बूट काढले की विचारतात. माझं लग्न त्यावरच अडलंय." दयानंदने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

मग दयानंदची पाळी. कोच खुर्ची पुढे ओढून बसला. "बर्फावर कोणी तुला तुझ्या रंगावरून काही बोललंय?"

"नाही सर. मी दिसतच नाही. डोक्यापासून पायापर्यंत गादी बांधलेली असते."

"मग बर्फाबाहेर? कुठेही? कधीही?"

दयानंदने तोंड उघडलं. मी शपथेवर सांगतो, तो बोलणार होता. त्याने एकदा गिरिजाकडे बघितलं. गिरिजा वड्याच्या बशीकडे बघत होती. आणि तेवढ्यात राकेश उभा राहिला.

"मी बोलतो," राकेश म्हणाला, आणि बोलला. आम्हा भारतीयांना हे दुःख फार माहीत आहे. एकदा एका युरोपातल्या विमानतळावर एका गोऱ्या बाईने त्याला विचारलं, कुठले तुम्ही? तो म्हणाला, मस्कत. ती म्हणाली, नाही, पण खरे कुठले? तो म्हणाला, इंडिया, पुणे. ती म्हणाली, हो, पण मूळ? "मूळ!" राकेशचा आवाज कापला. "माणसाला माणूस म्हणून बघायचं सोडून मूळ कशाला खणायचं? काय वाटतं माहितीये? नागवं केल्यासारखं वाटतं!" त्याने खरोखर रुमाल काढला. मंडळाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोचने त्याला मिठी मारली.

मी दयानंदकडे बघितलं. मला वाटलं त्याला राग येईल. त्याचे खांदे गदगदत होते. तो हसू दाबत होता, आणि ते दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं. कोचने तेही बघितलं, आणि चर्चा यशस्वी झाली असं जाहीर केलं.

त्या रात्री वरच्या मजल्यावर जेवणं झाली नाहीत. दुसऱ्या दिवशी दयानंद खाली आला. "जर्सीचं काय करू? गिरिजा म्हणते, आडनाव घालायचं असेल तर घाल, मी अडवणार नाही. पण तो डबा पुन्हा आला नाही तर त्याबद्दल माझ्याशी बोलू नकोस."

"मग?"

"हमरियातल्या प्रिंटिंगवाल्याला सांगितलं, पाठ कोरी ठेव. रेफरीला म्हणेन, त्याची चूक झाली."

"त्या गरिबाच्या नावावर कशाला खपवतोस?"

"काहून? त्याला कोन विचारते इथं येऊन?" दयानंद तापला की असा भंडाऱ्याला जाऊन येतो.

मॅचचा शुक्रवार आला. मंडळाने कमाल केली होती. साठेक माणसं, सगळी स्वेटर घालून आलेली, काहींनी तर गावाकडून मागवलेली कानटोपी. आणि गोलाच्या बरोबर मागे, काचेपलीकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत भगव्या अक्षरांचं बॅनर: 'बर्फावर आपला मराठी माणूस! दयानंद देशपांडे, आगे बढो!' खाली तेच इंग्लिशमध्ये. सहा वर्षांच्या संशोधनाचं फळ.

मी धावत लॉकर रूममध्ये गेलो. तिथे आधीच तमाशा चालला होता. रेफरी कोऱ्या पाठीवर बोट ठेवून म्हणत होता, आडनाव नाही तर खेळ नाही. दुसरा गोलकीपर सुट्टीवर. कोचने कपाळावर हात मारला, आणि मग त्याला सुचलं: काठ्यांना गुंडाळायची काळी कापडी टेप असते, तिचीच अक्षरं करून चिकटवू. रेफरी म्हणाला चालेल. त्याच वेळी दारातून राकेश डोकावला, "काही अडचण, देशपांडे?"

"स्पेलिंग बॅनरवर आहे, हो ना?" कोच म्हणाला, आणि टेपचे तुकडे फाडून त्याने दयानंदच्या पाठीवर 'डी' चिकटवला. मग 'ई'.

दयानंद उभा होता. अंगावर मणभर गाद्या, मागे वळून बघता येत नाही, आणि पाठीवर दुसऱ्याचं घराणं चढतंय. मला त्याचा राग आला आणि दयाही आली. एक मॅच देशपांडे होऊन खेळला असता तर काय बिघडलं असतं? काहीच नाही. बॅनर खूश, मंडळ खूश, डबा सुखरूप.

तेवढ्यात गिरिजा गुडघ्याचा पट्टा घेऊन आली. दयानंद तो घरी विसरला होता. तिने पाठ बघितली. पट्टा बाकावर ठेवला. मग पुढे होऊन तिने 'डी' उपटला, 'ई' उपटला, आणि कोचपुढे हात केला. "टेप द्या."

"गिरिजा," दयानंद न वळता म्हणाला, "राहू दे ना. एक मॅच."

"आपलं नाही लावलं, ते चालवून घेतलं मी. दुसऱ्याचं नाही लावून देणार."

असं म्हणून तिने पहिला तुकडा दातांनी तोडला. अक्षरं मोठी, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. सगळी खोली बघत होती. राकेश सर्वांत पुढे. 'जी' झाला. राकेशच्या कपाळावर आठी आली, पण लगेच चेहरा उजळला. "गोखले! म्हणजे कोकणस्थ! अरे वा!" मग 'ए'. "गाडगीळ?" मग 'जे'. आता त्याला जरा घाम फुटला, त्या थंडीत. आणि मग त्याने मांडीवर थाप मारली, "गजेंद्रगडकर! अहो, मावणार का पण पाठीवर?"

गिरिजाने 'बी' चिकटवला. राकेश गप्प झाला. उरलेली अक्षरं पुरी होईपर्यंत तो तिथेच उभा होता, आणि मग बॅनरची दोरी सैल झालीय का बघतो म्हणून निघून गेला.

हारूनने आणि रशियनने दयानंदला धरून गोलात नेऊन उभं केलं. आता गोलकीपरचं असं असतं की तो तोंड मैदानाकडे करून उभा असतो, आणि पाठ मागच्या लोकांकडे. मंडळ नेमकं मागे. म्हणजे वर देशपांडे आणि खाली, काचेला खेटून, काळ्या टेपमध्ये गजभिये. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. 'गणपती बाप्पा' एवढं ओरडून झालं होतं, 'मोरया' बऱ्याच जणांच्या घशात राहिला. मागच्या रांगेतल्या एकाने कानटोपी डोळ्यांवर ओढली.

आणि दयानंद अडवायला लागला. मला खेळ कळत नाही, पण एवढं कळतं की त्या दिवशी तो माणूस वेगळा होता. पायांवर, छातीवर, हातमोज्यात, एकदा तर मास्कवर. आणि दर वेळी रेफरीकडे वळून जोरात अपील. मंडळाची पोरं काचेला नाकं लावून बसली होती. इंग्लिश शाळेतली पोरं. त्यांना आडनावातलं काय कळतंय? त्यांना पाठीवर शब्द दिसला, शब्दाला ठेका होता, त्यांनी धरला. "गज! भि! ये! गज! भि! ये!"

"ए, शू! गप्प बसा!" एक आई म्हणाली.

"व्हाय?" पोरगी म्हणाली. "ते त्यांचं नेम आहे ना?"

आईने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने राकेशकडे, राकेशने बॅनरकडे. का नाही ओरडायचं, याचं उत्तर त्या साठ माणसांपैकी एकालाही मोठ्याने देता येईना. पोरं ओरडत राहिली. मैत्री सगळ्यांत जोरात. मीही ओरडलो. मफलर काढून ओरडलो.

आम्ही अकरा-दोनने हरलो. उभा माणूस किती अडवणार?

त्यानंतर बक्षीस समारंभ. दुबईला चषक मिळाला. मग कोचने माइक हातात घेतला आणि सांगितलं की विविधतेबद्दल धीटपणे बोलल्याबद्दल किंगफिशतर्फे एक खास चषक दयानंदला. त्याने दिलेलं उत्तर एकच होतं, 'मी दिसतच नाही', पण असो. चषक पितळी, त्यावर नाव कोरलेलं. कोचने अभिमानाने सांगितलं की नावात चूक होऊ नये म्हणून त्याने समाजाच्या प्रतिनिधीकडून खात्री करून घेतली होती. दयानंदने वाचलं. दयानंद देशपांडे. त्याने वाकून आभार मानले, आणि मला म्हणाला, "जैनुभाई, याला पाठमोरा करून ठेवा."

बाहेर कॉरिडॉरमध्ये गिरिजा एकटीच उभी होती. मंडळाची माणसं तिच्या बाजूने जाताना मोबाइल बघत होती. सगळ्यांना एकदम मेसेज आले होते वाटतं. मग अंतरा आली, मागे राकेश. अंतराच्या हातात पिशवी. गिरिजाची नजर त्या पिशवीवरच खिळली होती. प्लॅस्टिकचा निघाला तर काय, या विचाराने मला तिच्याकडे बघवेना.

अंतराने पिशवीतून डबा काढला. स्टीलचा. लग्नातला. "नारळाच्या वड्या आहेत. मॅचनंतर देणार होते."

गिरिजाने हात पुढे केला नाही. "आता तुम्हाला कळलंच असेल," ती म्हणाली.

"आता?" अंतराने झाकण घट्ट दाबून धरलं आणि डबा डोक्याच्या वर उचलला. "तळाला बघा ना."

आम्ही सगळे माना वर करून बघायला लागलो. तळाला टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं होती, लग्नातल्या भांड्यांवर घालतात तशी. घासून घासून पुसट झालेली, पण वाचता येत होती. 'सौ. गिरिजा दयानंद गजभिये, मु. पो. पवनी, जि. भंडारा.' पत्त्यासकट!

दारावरची पाटी बदलली, पोरीला जपून बोलायला लावलं, जर्सी कोरी ठेवली, आणि आडनाव सहा वर्षं पुरणपोळ्यांच्या खाली बसून शेजारी जाऊन येत होतं. रोजच्या भांड्यावरचं नाव कोणी वाचतं का? गिरिजा भिंतीला टेकली.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," ती म्हणाली.

"तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मी विचारलं नाही."

राकेशने डबा हातात घेतला, चष्म्यावरचं धुकं पुसलं, पुन्हा वाचलं. "पण हा तर आपल्याच स्वयंपाकघरात असतो," तो म्हणाला. "मी सहा वर्षं यातून खातोय. मग मला का नाही दिसलं?"

"खाता," अंतरा म्हणाली. "घासत नाही."

यापुढे सगळं गोड झालं असं वाटत असेल तर तसं नाही. राकेश महिनाभर माझ्या गाळ्यावर आला नाही, आणि आला तेव्हा कलिंगड न ठोकता घेऊन गेला. मंडळातल्या चार-पाच घरांनी गिरिजाला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. विसरलो म्हणाले. कोचने त्यावर चर्चा ठेवली नाही, कारण ते बर्फावर घडलं नव्हतं. चषक गिरिजाच्या बाल्कनीत आहे. त्यात पुदिना लावलाय, आणि देशपांडे भिंतीकडे तोंड करून असतात.

पण एक दिवस गिरिजाने माळ्यावरून लग्नातली बाकीची भांडी काढली. मोठा डबा, लहान डबा, दोन कडीचे डबे, पेढ्याच्या आकाराची एक पेढेघाटी. तळ चिंचेने घासून घासून असे लख्ख केले की पुसट झालेली टिंबं पुन्हा चमकायला लागली. मग त्यांत अनारसे भरले, आणि ज्या घरांनी बोलावलं नव्हतं त्या प्रत्येक घरी एकेक पाठवलं. पोचवायला अर्थात माझी पिकअप. स्टीलचं भांडं ठेवून घेता येत नाही. फेकता येत नाही. परत करावं लागतं, आणि आपल्याकडे ते रिकामं परत करता येत नाही. आणि परत करायच्या आधी घासावं लागतं.

सगळी भांडी भरून परत आली. एक राहिलंय, पेढेघाटी. ती कोणाकडे आहे ते मला पक्कं माहीत आहे. दर शुक्रवारी बॅगा टाकून येताना मी त्यांच्या दाराची बेल वाजवतो आणि विचारतो, गजभियेंचं भांडं झालं का घासून?